घरातल्या जुन्या टेलिफोनच्या तारांवर लोकलटॉक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या जुन्या घरांत राहणारे आणि जुने मॅक जपणारे मराठी वाचक हे प्रश्न सतत पाठवतात. लँडलाइन कधीच बंद झालेली असते, पण स्वयंपाकघरापासून तळघरापर्यंत प्रत्येक भिंतीत फोनचा पॉइंट तसाच असतो. त्या तारा वाया जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक प्रश्न मॅकच्या लोकलटॉकबद्दल आहेत. पीसीवाल्यांनी सरळ प्रश्न १३ वर जावं.

१. लोकलटॉक आणि फोननेट म्हणजे नेमकं काय? दोन्ही एकच का?

लोकलटॉक हे ॲपलचं जुनं नेटवर्क. १९८५ साली लेझररायटर प्रिंटर आला तेव्हा तो महागडा प्रिंटर चार-पाच जणांना वाटून वापरता यावा, म्हणून ते आलं. मॅकच्या सिरीयल पोर्टमधूनच ते चालतं, वेगळं कार्ड लागत नाही. वेग सेकंदाला २३०.४ किलोबिट. ॲपलची मूळ केबल जाड, आवरण असलेली आणि महाग होती.

फोननेट हा त्यावर कॅलिफोर्नियातल्या फॅरालॉन कंपनीने काढलेला तोडगा. तिथल्या रीस जोन्स यांनी तोच सिग्नल साध्या टेलिफोनच्या तारेवरून नेणारी छोटी डबी बनवली. डबीच्या एका बाजूला मॅकच्या पोर्टात जाणारी शेपटी, दुसऱ्या बाजूला फोनसारखी दोन सॉकेट. मॅकला ही कोणती तार आहे याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे नेटवर्क लोकलटॉकच, तार तेवढी फोनची.

२. भिंतीतली जुनी फोनची तार खरंच चालते का?

चालते. फोननेट त्या तारेसाठीच बनलं होतं. अमेरिकेतल्या जुन्या घरांत साधारणपणे चार तारांची केबल असते : लाल, हिरवी, काळी, पिवळी. पहिली फोनलाइन लाल-हिरव्या जोडीवर असते आणि काळी-पिवळी दुसऱ्या लाइनसाठी राखीव असते. बहुतेक घरांत दुसरी लाइन कधी घेतलीच गेली नाही. फोननेट ही काळी-पिवळी जोडीच वापरतं, म्हणजे प्लगमधल्या कडेच्या दोन तारा. मधल्या दोन तारांना ते हात लावत नाही.

अंतराची काळजी घरात करायलाच नको. ॲपलच्या स्वतःच्या केबलची मर्यादा ३०० मीटर होती, आणि सरळ तारेवर फोननेट त्याहून बरंच लांब जायचं. घरात अडचण येते ती तारेच्या मांडणीमुळे. त्याबद्दल प्रश्न ६ मध्ये सविस्तर आहे.

३. माझ्या भिंतीत कोणती तार आहे हे कसं ओळखायचं?

आधी प्रश्न ४ वाचा, लाइन तोडा, मगच पॉइंट उघडा. झाकणाचा स्क्रू काढला की मागे चार छोटे स्क्रू दिसतात आणि प्रत्येकाखाली एकेक रंगाची तार वळवून दाबलेली असते. जुन्या पॉइंटमध्ये काळी-पिवळी बऱ्याचदा स्क्रूपर्यंत आणलेलीच नसते. तिचे दोन पदर केबलच्या आवरणाभोवती गुंडाळून मागे सोडून दिलेले असतात. ते उलगडा, टोकं अर्धा इंच सोला आणि आपापल्या स्क्रूखाली दाबा. हे काम प्रत्येक पॉइंटवर करावं लागतं. वाटेतल्या एका जरी पॉइंटवर ही जोडी सुटलेली असली, तरी पुढचं सगळं घर अंधारात राहतं.

रंग वेगळे दिसले, म्हणजे निळा, पांढरा-निळा, नारिंगी, पांढरा-नारिंगी, तर तुमच्याकडे नंतरच्या काळातली पीळ दिलेली केबल आहे. तिथे निळी जोडी म्हणजे लाल-हिरवी आणि नारिंगी जोडी म्हणजे काळी-पिवळी. अशी केबल जास्त चांगली. मात्र तिच्यावर लोकलटॉक चढवण्यापूर्वी प्रश्न १५ वाचा.

४. लँडलाइन बंद केली आहे. तरी काही तोडावं लागतं का?

हो. बिल थांबलं म्हणजे तारेतला दाब गेलाच असं नाही. चालू लाइनवर फोन खाली ठेवलेला असताना सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतात आणि घंटी वाजते तेव्हा त्यावर ९० व्होल्टच्या आसपास एसी चढतात. ओल्या हाताला तो झटका चांगलाच जाणवतो.

घराच्या बाहेरच्या भिंतीवर करड्या रंगाची पेटी असते. तिची ग्राहकाची बाजू साध्या स्क्रूने उघडते. आत प्रत्येक लाइनसाठी फोनसारखा छोटा प्लग असतो, तो उपसून ठेवला की घरातलं वायरिंग एक्स्चेंजपासून वेगळं होतं. पेटीची दुसरी बाजू कंपनीची, तिला हात लावू नका. फार जुन्या घरांत ही पेटीच नसते, तळघरात नुसता विजेपासून बचाव करणारा ठोकळा असतो. तिथे कंपनीच्या माणसाला बोलवा.

केबलवाल्याच्या मॉडेममधून फोन चालवत असाल आणि मॉडेमची फोनची तार भिंतीतल्या पॉइंटात घातली असेल, तर घरातल्या लाल-हिरव्या जोडीवर मॉडेम दाब देतो. काम करताना तीही काढा. काम झालं की परत लावली तरी हरकत नाही.

५. काळी-पिवळी तर रिकामीच असते. ती तपासायची काय गरज?

गरज आहे. हा प्रश्न टाळू नका. एकेकाळी अमेरिकेत डायलमध्ये दिवा लागणारे प्रिन्सेस आणि ट्रिमलाइन फोन घरोघरी होते. त्या दिव्याला वीज काळ्या-पिवळ्या जोडीवरून यायची आणि ती देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर तळघरात किंवा कपाटात कुठेतरी प्लगला लावलेला असायचा. फोन गेले, घरं विकली गेली, तो ट्रान्सफॉर्मर मात्र काही घरांत अजून गुरगुरत बसलेला असतो. सहा-आठ व्होल्टचा एसी, माणसाला धोका नाही, पण लोकलटॉकचा सिग्नल त्यात टिकत नाही.

मल्टिमीटर आधी एसीवर आणि मग डीसीवर ठेवून काळ्या-पिवळ्यात मोजा. दोन्हीकडे शून्य आलं पाहिजे. एसी आला तर ट्रान्सफॉर्मर शोधा. ४८ व्होल्ट डीसी आला तर आधीच्या मालकाने दुसरी लाइन घेतली होती आणि ती अजून जिवंत आहे. बाहेरच्या पेटीत तिचाही प्लग काढा.

चोरघंटीची जुनी यंत्रणाही कधीकधी फोनच्या वायरिंगमध्ये मध्येच घुसवलेली असते. ती सहसा लाल-हिरव्यावर असते, तरी तिच्या डब्यात काय कुठे जोडलं आहे ते बघून घ्या. यंत्रणा चालू असेल तर तिच्या माणसाला विचारल्याशिवाय काही सोडवू नका.

६. सगळ्या तारा तळघरात एका ठिकाणी येतात. हे चालेल का?

माझ्याकडे सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि घरातलं लोकलटॉक चालणार की नाही हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

फोनला मांडणीचं काही सोयरसुतक नसतं. तार कशीही फुटली, कुठेही जोडली, तरी आवाज पोचतो. लोकलटॉकला असं चालत नाही. त्याला एक सलग तार हवी असते, जिला दोनच टोकं आहेत. मध्ये फाटे फुटले की सिग्नल प्रत्येक फाट्याच्या टोकावर आपटून परत येतो आणि खऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो.

जुन्या घरांत दोन प्रकार आढळतात. पहिल्यात एकच केबल या पॉइंटवरून त्या पॉइंटवर अशी घरभर फिरते. असं असेल तर तुमचं नशीब चांगलं, सरळ प्रश्न ७ कडे चला. दुसऱ्यात प्रत्येक खोलीतून स्वतंत्र केबल तळघरातल्या एका ठोकळ्यावर येते. इथे तीन वाटा आहेत.

पहिली वाट : हव्या तेवढ्याच खोल्या जोडा. चारपर्यंत फाटे एकत्र असतील तर फोननेट चालतं, मात्र प्रत्येक फाट्याच्या टोकाला टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल आपटून परत येऊ नये म्हणून लावायचा रेझिस्टर, लावावा लागतो. पाचवी, सहावी खोली ठोकळ्यावरून सोडवून ठेवा. नुसती वापरत नाही म्हणून जोडलेली ठेवू नका, रिकामा फाटाही त्रास देतोच.

दुसरी वाट मला सगळ्यात आवडते, पण ती लँडलाइन कायमची बंद असेल तरच जमते. प्रत्येक खोलीकडे जाणाऱ्या केबलमध्ये दोन जोड्या आहेत ना? मग सिग्नल काळ्या-पिवळ्यावरून खोलीत पाठवा आणि लाल-हिरव्यावरून परत तळघरात आणा. खोलीतल्या पॉइंटवर लाल तार पिवळीच्या स्क्रूखाली आणि हिरवी काळीच्या स्क्रूखाली दाबली की झालं. तळघरात पहिल्या खोलीची परतीची जोडी दुसऱ्या खोलीच्या जाणाऱ्या जोडीला जोडा, दुसरीची तिसरीला, असं करत जा. दिसायला घर ताऱ्यासारखं फुटलेलं, पण विजेच्या दृष्टीने ती एक लांबलचक सलग तार झाली. लांबी दुप्पट होते, तरी घरात ती मर्यादेच्या खूप आत राहते. शेवटच्या खोलीतून मात्र परत येऊ नका, तिथे टोक ठेवा. आणि असं केलेल्या प्रत्येक पॉइंटवर ठळक चिठ्ठी लावा, म्हणजे पुढे कुणी त्यात फोन लावायला जाणार नाही.

तिसरी वाट म्हणजे फॅरालॉनचा स्टारकंट्रोलर. तो प्रत्येक फाट्याला स्वतंत्र पोर्ट देतो आणि सिग्नल नव्याने उठवून पुढे पाठवतो. तो कार्यालयांसाठी होता. चालू अवस्थेत मिळाला तर उत्तमच, पण त्यासाठी थांबून राहू नका.

७. टर्मिनेटर किती, कुठे लावायचे? घरी करता येतो का?

सलग तार असेल तर दोन, दोन्ही टोकांना एकेक. मधल्या डब्यांना लावायचा नाही. तीन-चार फाटे असतील तर प्रश्न ६ मधली पहिली वाट पाहा.

घरी सहज होतो. १२० ओहमचा साधा पाव वॅटचा रेझिस्टर आणि फोनचा चार पट्ट्यांचा प्लग घ्या. रेझिस्टरचे दोन पाय कडेच्या दोन खाचांत जातील असे वाकवा आणि प्लग दाबून बसवा. तो टोकाच्या डबीच्या रिकाम्या सॉकेटात घाला. प्लग दाबायचं हत्यार नसेल तर टोकाच्या पॉइंटमध्ये काळ्या आणि पिवळ्या स्क्रूंमध्ये रेझिस्टर थेट दाबला तरी तेच काम होतं.

तपासणीची एक खात्रीची रीत सांगतो. सगळ्या डब्या पॉइंटांतून काढा, कारण त्यांच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो मोजमाप बिघडवतो. टर्मिनेटर दोन्ही टोकांच्या पॉइंटांवरच ठेवा. आता कुठल्याही पॉइंटवर काळ्या-पिवळ्यात ओहम मोजा. ६० च्या थोडं वर आलं तर तार सलग आहे आणि दोन्ही टर्मिनेटर दिसत आहेत. १२० च्या आसपास आलं तर एका बाजूची तार कुठेतरी तुटली आहे. शून्याच्या जवळ आलं तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ४० आलं तर कुठेतरी तिसरा टर्मिनेटर राहिला आहे.

८. डबीपासून पॉइंटपर्यंत फोनची कोणतीही कॉर्ड चालेल का?

नाही. प्लग उजेडाकडे धरा आणि सोनेरी पट्ट्या मोजा. हल्ली दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच कॉर्डमध्ये दोनच असतात, फक्त मधल्या. फोनला तेवढ्या पुरतात, फोननेटला त्यांचा काहीच उपयोग नाही. चार पट्ट्या आणि आत चार तारा असलेलीच कॉर्ड घ्या.

एका पॉइंटवर फोनही लावायचा असेल तर साधं दुहेरी सॉकेट वापरा, ज्याच्या दोन्ही तोंडांत चारही तारा जशाच्या तशा जातात. ‘लाइन १’ आणि ‘लाइन २’ असं वेगळं करणारं सॉकेट घेऊ नका. त्यात काळी-पिवळी मधल्या पट्ट्यांवर आणलेली असते आणि फोननेटची डबी ती तिथे शोधत नाही.

काळी आणि पिवळी उलटसुलट झाली तर? काही बिघडत नाही. लोकलटॉकच्या सिग्नलला कुठली तार वर आणि कुठली खाली याने फरक पडत नाही.

९. सगळं जोडलं, पण चूझरमध्ये दुसरा मॅक दिसतच नाही. काय बघू?

(चूझर म्हणजे नेटवर्कवरची यंत्रं दाखवणारी मॅकमधली खिडकी.) आधी भिंत बाजूला ठेवा. दोन्ही मॅक एका टेबलावर आणा, दोन डब्या, मध्ये एक चार तारांची कॉर्ड, दोन टर्मिनेटर. इथेच दिसलं नाही तर दोष मॅकच्या मांडणीत किंवा डबीत आहे. इथे दिसलं आणि भिंतीतून नाही दिसलं, तर दोष तारेत आहे आणि प्रश्न ७ मधली ओहमची तपासणी करा.

टेबलावर न दिसण्याची नेहमीची कारणं : डबी मोडेमच्या पोर्टात लावली आहे, ती प्रिंटरच्या पोर्टात हवी. चूझरमध्ये ॲपलटॉक, म्हणजे मॅक नेटवर्कवर एकमेकांशी बोलतात ती भाषा, ‘चालू’ केलेलं नाही. मॅकमध्ये इथरनेटही आहे आणि कंट्रोल पॅनेलमध्ये ॲपलटॉक इथरनेटवर लावलेलं राहिलं आहे. किंवा समोरच्या मॅकवर फाइल शेअरिंग सुरूच केलेलं नाही. फाइल शेअरिंग अंगभूत मिळतं ते मॅकच्या १९९१ च्या सिस्टिम ७ या ऑपरेटिंग सिस्टिमपासून. दोन्ही मॅक सिस्टिम ६ वर असतील तर ते एकमेकांना फाइली देणार नाहीत. सिस्टिम ६ चा मॅक ॲपलशेअर बसवून दुसऱ्याच्या फाइली घेऊ मात्र शकतो.

मधूनच दिसतो, मधूनच जातो, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के वेळा टर्मिनेटर किंवा रिकामा फाटा. पत्ते देण्याची भानगड नाही, प्रत्येक यंत्र स्वतःचा क्रमांक निवडतं आणि तो कुणी घेतलेला नाही ना, हे तारेवर विचारून घेतं.

एक आग्रहाची विनंती : डबी लावताना-काढताना मॅक बंद करा. हे सिरीयल पोर्ट आता नव्याने मिळत नाहीत.

१०. वेग किती मिळतो?

८०० के ची एक फ्लॉपीभर फाइल कागदावरच्या हिशोबाने २८ सेकंदांत जाते आणि १.४ एमबीची ५१ सेकंदांत. प्रत्यक्षात त्याच्या दीडपट ते दुप्पट वेळ धरा. दहा एमबीला कागदावरच सहा मिनिटं लागतात. मॅक प्लस किंवा एसई वरच्या कागदपत्रांना आणि छपाईला हा वेग पुरतो. फोटोंचा ढीग हलवायचा असेल तर इथरनेट असलेला मॅक शोधा.

११. फोनवर बोलत असताना नेटवर्क चालेल का? डीएसएल असेल तर?

बोलताना चालेल. बोलणं लाल-हिरव्यावर आणि ४ किलोहर्ट्झच्या खाली असतं, नेटवर्क वेगळ्या जोडीवर. (प्रश्न ६ मधली दुसरी वाट घेतली असेल तर हे लागू नाही, तिथे फोनला जोडीच उरत नाही.)

डीएसएलचं, म्हणजे फोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचं, तसं नाही. त्याचा नेहमीचा प्रकार, एडीएसएल, २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला असतो आणि लोकलटॉकची ताकदही त्याच पट्ट्यात आहे. चार तारांच्या जुन्या केबलमध्ये जोड्यांना पीळ नसतो, त्यामुळे एका जोडीवरचं दुसरीवर झिरपतं. डीएसएल अजून असेल तर मॉडेम बाहेरच्या पेटीजवळच्या पहिल्या पॉइंटवर लावा आणि तिथून पुढे लाल-हिरवी तोडून टाका. मग उरलेलं घर लोकलटॉकला मोकळं.

१२. हे जुनं नेटवर्क आजच्या कॉम्प्युटरला कसं जोडायचं?

मध्ये एक दुभाषा लागतो. सगळ्यात सोपा म्हणजे लोकलटॉक आणि इथरनेट दोन्ही असलेला जुना मॅक आणि त्यावर ॲपलचं ‘लोकलटॉक ब्रिज’ हे सॉफ्टवेअर. लोकलटॉक असलेले शेवटचे टेबलावरचे मॅक म्हणजे बेज रंगाचे पॉवर मॅक जी३. १९९८ च्या आयमॅकपासून सिरीयल पोर्ट गेला. असांटेटॉकसारखी तयार डबीही जुन्या बाजारात मिळते. ती हेच काम करते, पण एका वेळी मोजक्याच यंत्रांसाठी.

दुसऱ्या टोकाला आजचा मॅक थेट उपयोगाचा नाही, कारण २००९ च्या स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून मॅकने ॲपलटॉक सोडलं. लिनक्सचं छोटं यंत्र ठेवा आणि त्यावर नेटाटॉक हे मॅकला फाइली देणारं सॉफ्टवेअर चालवा. तिसऱ्या आवृत्तीत त्यातूनही ॲपलटॉक काढलं होतं, पण २०२४ च्या चौथ्या आवृत्तीत ते परत आलं. जुन्या यंत्रांवर प्रेम करणाऱ्यांनी फुकट केलेलं हे काम आहे आणि मला त्याचं फार अप्रूप आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ॲपलटॉकचं मॉड्यूल असल्याची खात्री करा.

हाताने सर्किट जोडण्याची हौस असेल तर टॅशटॉक पाहा. एका लहानशा चिपवर चालणारं ते सर्किट लिनक्सच्या यंत्राला थेट लोकलटॉकच्या तारेवर आणतं, मध्ये मॅकची गरज उरत नाही.

१३. माझ्याकडे मॅक नाहीत, विंडोज ९८ चे पीसी आहेत. त्यांना फोनच्या तारेवर जोडता येईल का?

येईल, पण वेगळ्या तंत्राने : होमपीएनए. ते ठरवणारी संस्था १९९८ साली स्थापन झाली. पहिली आवृत्ती टट सिस्टिम्स या कंपनीच्या तंत्रावर, १ मेगाबिटची. १९९९ ची दुसरी एपिग्राम कंपनीच्या तंत्रावर, १० मेगाबिटची. घरगुती बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती हीच. नेटगियर, लिंक्सिस आणि इंटेल यांची कार्डं आणि यूएसबी डब्या जुन्या सामानात अजून सापडतात.

लोकलटॉकच्या उलट, होमपीएनए लाल-हिरव्या जोडीवरच चालतं, चालू फोनच्या सोबत. फोन ४ किलोहर्ट्झच्या खाली, एडीएसएल १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि होमपीएनए २ त्याच्याही वर, ४ ते १० मेगाहर्ट्झमध्ये. त्याला कोणतीही मांडणी चालते आणि टर्मिनेटर लागत नाही. प्रश्न ६ आणि ७ ची डोकेदुखी तुम्हाला नाहीच.

कार्ड घेण्यापूर्वी त्याचा ड्रायव्हर हातात आहे ना ते पाहा. तो नसेल तर कार्ड शोभेचं. लिनक्स चालवायचं असेल तर एएमडीच्या पीसीनेट-होम चिपचं कार्ड शोधा, त्याला लिनक्समध्ये आधार आहे.

१४. होमपीएनए एका खोलीत चालतं, दुसऱ्या खोलीत नाही. का?

बहुधा त्या खोलीत पॉइंट आणि कार्ड यांच्यामध्ये डीएसएलचा फिल्टर किंवा विजेच्या उसळीपासून वाचवणारी पट्टी आली आहे. फिल्टरचं कामच वरचे कंपन अडवणं आहे, तो होमपीएनएलाही डीएसएलइतकंच कापतो. फिल्टर फोनच्या आधी लावा, कार्डच्या आधी नाही. जुनं फॅक्स किंवा उत्तर देणारं यंत्र सिग्नल गिळत असेल तर त्यालाही फिल्टर लावल्याने फरक पडतो.

घरात व्हीडीएसएल, म्हणजे डीएसएलचा जास्त वेगवान प्रकार, आलं असेल तर मात्र एकाच जोडीवर दोघांचं जमत नाही. व्हीडीएसएल ८, कुठे १७ मेगाहर्ट्झपर्यंत जातं आणि थेट होमपीएनएच्या पट्ट्यात घुसतं. अशा वेळी होमपीएनए काळ्या-पिवळ्यावर हलवा किंवा सोडून द्या.

१५. एवढं करण्यापेक्षा त्याच तारेवर सरळ इथरनेट का नको?

केबल पीळ दिलेली असेल (प्रश्न ३), चारही जोड्या असतील आणि प्रत्येक खोलीतून एकाच ठिकाणी येत असेल, तर नक्की इथरनेटच करा. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चार. जुने मॅक मग प्रश्न १२ मधल्या डबीने त्यावर आणता येतात. पण केबल पॉइंटवरून पॉइंटवर फिरलेली असेल, किंवा पीळ नसलेल्या चार तारांची असेल, तर इथरनेटच्या वाटेला जाऊ नका.

आणि एक धोका : फोनचा प्लग इथरनेटच्या सॉकेटात बसतो. जिवंत फोनलाइन अशी लावली आणि घंटी वाजली, तर कार्ड जळू शकतं. ज्या पॉइंटचं इथरनेट केलं त्याचं तोंडही बदला.

१६. गॅरेज अंगणापलीकडे आहे. तिथपर्यंत तार नेऊ का?

नको. दोन इमारतींची जमीन विजेच्या दृष्टीने वेगळी असते आणि उघड्यावरची तांब्याची तार वीज कोसळली की तिला थेट घरात आणते. गॅरेजमध्ये वायफाय न्या आणि तिथे छोटं लिनक्स यंत्र ठेवा.

१७. अपार्टमेंटमध्ये राहतो. हे करू शकतो का?

तुमच्या दाराच्या आतलं वायरिंग मालकाला विचारून वापरता येईल. इमारतीच्या सामायिक पेटीत मात्र शेजाऱ्यांच्या लाइनीही असतात. तुमच्या घराकडे येणारी जोडी तिथून कुणी सोडवली नाही, तर तुमचा सिग्नल जिना उतरून खाली जाईल. ती सोडवणं इमारतीच्या माणसाचं काम, तुमचं नाही.

१८. पुण्यात आई-बाबांच्या घरी जुना मॅक आहे. तिथल्या तारांवर जमेल का?

जुन्या घरांत बहुधा नाही. आपल्याकडे खांबावरून किंवा जिन्यातल्या डब्यातून दोनच तारांची केबल यायची, हॉलमधल्या रोझेटवर (भिंतीवरच्या फोनच्या डबीवर) थांबायची, आणि फार तर आतल्या खोलीत एक एक्स्टेन्शन असायचं. काळी-पिवळी जोडी नसतेच. त्यामुळे त्या दोन तारा फोन पूर्ण बंद असेल तरच वापरता येतील. बाहेरून येणारी केबल रोझेटमधून सोडवा, टोकं झाका, आणि हॉल ते आतली खोली एवढाच तुकडा वेगळा करा. त्या दोन तारा दोन्ही पॉइंटांत कडेच्या दोन स्क्रूंना जोडा. दोन मॅक, दोन डब्या, दोन टर्मिनेटर, एवढ्याला तो तुकडा छान चालतो.

नव्या सोसायट्यांत खोल्याखोल्यांत फोनचे पॉइंट असतात आणि तार भिंतीत पुरलेल्या पाइपमधून गेलेली असते. ते पाइप मोकळे असतील तर जुनी तार ओढून तिच्याच मागे नवी इथरनेटची केबल ओढून घ्या. वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

१९. काळी तार भिंतीत कुठेतरी तुटली आहे. भिंत फोडावी लागेल का?

नाही, लँडलाइन नको असेल तर. त्या एका तुकड्यापुरती लाल-हिरवी वापरा. दोन्ही बाजूंच्या पॉइंटवर तुटक्या जोडीची टोकं स्क्रूंवरून काढा, त्यांच्या जागी लाल आणि हिरवी दाबा, आणि काळी-पिवळी झाकून मागे वळवून ठेवा. तुटक्या जोडीतली चांगली उरलेली पिवळी आणि दुसऱ्या जोडीतली हिरवी, अशी मिसळ करून जोडी बनवू नका. पीळ असलेल्या केबलमध्ये तर मुळीच नको, त्याने आवाज गोळा होतो. बदल झाल्यावर प्रश्न ७ मधलं ६० ओहमचं मोजमाप पुन्हा घ्या, मगच डब्या लावा.